सत्तरीतून किनाबातांगनला : ओरांगउटानच्या मुलखात

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाढलेल्या माणसाला वानर आणि माकड यांची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. काळ्या तोंडाची वानरे वडाला किंवा रुमडाला (उंबराला) फळे आली की कळपाने येतात, चार दिवस झाड गाजवतात आणि निघून जातात. माकडे मात्र कुळागरातच, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीतच, ठाण मांडतात, केळीचा घड तयार होण्याआधी नासवतात आणि कोवळे नारळ पोखरून खाली टाकतात. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांचे कुळागर म्हादई अभयारण्याला लागूनच आहे आणि माकडांनी केलेल्या नुकसानीच्या नोंदी त्यांच्या वहीत वर्षानुवर्षे आहेत. बोर्निओला ओरांगउटान पाहायला जाण्याचा विषय मी घरात काढला तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘तो खातो काय, आणि कळपाने येतो की एकटा?’’ राखण करणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. बोर्निओवरच्या सबाह या मलेशियाच्या राज्यातल्या जंगलात जे पाहिले आणि त्याच्या मागेपुढे जे वाचले, त्याची उकल याच दोन गोष्टींपासून सुरू होते असे मला आता ठामपणे वाटते. ताई आणि भावोजी दोघेही माझ्याबरोबर आले, आणि या प्रवासात मला जे समजले त्यातले बरेचसे भावोजींच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे समजले.

वानर आणि माकड यांना शेपूट असते, ओरांगउटानला नसते. चिंपांझी, गोरिला, बोनोबो आणि माणूस यांच्या पंगतीत बसणारा तो आशियातला एकमेव महाकाय कपी आहे आणि त्याचा जनुकसंच माणसाच्या जनुकसंचाशी सुमारे ९७ टक्के जुळतो. आज तो फक्त बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवर उरला आहे. बोर्निओची एक जाती, सुमात्राच्या उत्तरेची दुसरी, आणि त्याच बेटावर बातांग तोरूच्या डोंगराळ जंगलात राहणारी तापानुली ही तिसरी, जी स्वतंत्र जाती असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. या तिसऱ्या जातीचे ८०० प्राणीसुद्धा उरलेले नाहीत. तिन्ही जाती नष्ट होण्याच्या अगदी टोकावर असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. एकट्या बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

गोव्याहून बंगळूर, तिथून क्वालालंपूर आणि मग सबाहच्या पूर्व किनाऱ्यावरचे सांदाकान असा आमचा प्रवास झाला. त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. सांदाकानजवळच्या सेपिलोकमध्ये १९६४ पासून अनाथ ओरांगउटान पिल्लांचे पुनर्वसन केंद्र चालते. पिल्लू अनाथ होते ते बहुधा आई मारली गेल्यामुळेच, कारण जिवंत आईच्या अंगावरून पिल्लू काढून घेता येत नाही. केंद्राला लागून सुमारे ४३ चौरस किलोमीटरचे राखीव जंगल आहे. पिल्लांना तिथे हळूहळू सोडतात, दिवसातून दोनदा मचाणावर फळे ठेवतात, आणि ज्याला जंगलात पुरेसे मिळू लागते तो मचाणाकडे फिरकेनासा होतो. फळे मुद्दाम तीच ती देतात, म्हणजे पिल्लाने कंटाळून स्वतः शोधायला लागावे. मला त्या मचाणापेक्षा बालवर्गात अधिक वेळ काढावासा वाटला. तिथली पिल्ले दोरांना लोंबकळायला, फांद्या वाकवायला, उंचावर न घाबरता थांबायला शिकत होती. आईविना वाढलेल्या पिल्लाला या साध्या गोष्टीसुद्धा आपोआप येत नाहीत, त्या शिकवाव्या लागतात आणि त्याला वर्षे लागतात, हे तिथल्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला समजावून सांगितले. आमच्याकडे माकडाचे पिल्लू वर्षाच्या आत कळपात बऱ्यापैकी स्वतंत्र वावरू लागते. तेव्हा इथे इतकी वर्षे का लागतात, हा प्रश्न मनात धरूनच आम्ही पुढे निघालो.

सांदाकानहून सुकाऊ या नदीकाठच्या गावाकडे जाणारा रस्ता तेलताडाच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडाच्या, मळ्यांतून जातो. मळ्यांतून म्हणजे अक्षरशः मळ्यांतूनच. डाव्या हाताला तेलताड, उजव्या हाताला तेलताड, टेकडीच्या उतारावर पायऱ्या काढून लावलेला तेलताड, आणि लालभडक फळांचे घोस भरलेले ट्रक. भावोजी खिडकीला लागून बसले होते. दोन झाडांत साधारण नऊ मीटर अंतर, तिरक्या रांगा, झाड पंचवीस वर्षांचे झाले की तोडून नवे लावायचे, घोस काढल्यावर चोवीस तासांच्या आत गिरणीत पोचला पाहिजे, हे सगळे त्यांनी चालकाला विचारून विचारून काढले. मग ते म्हणाले, ‘‘शेतकऱ्याला यात पैसा आहे, हे मला इथे बसून दिसते. पण आमच्या कुळागरात पोफळीखाली मिरी आहे, केळ आहे, जायफळ आहे, वर माड आहे, बांधावर फणस-आंबा आहे. इथे झाडाखाली काही नाही आणि झाडावर दुसरे काही नाही. इथे राहायचे कोणी?’’ हेक्टरी उत्पन्नात तेलताडाची बरोबरी दुसरे कोणतेही तेलबियांचे पीक करू शकत नाही, हे खरे आहे. आणि जगात पामतेलाची सर्वांत मोठी आयात आपला भारत करतो, हेही तितकेच खरे आहे. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) तळायला, फरसाणाला, बिस्किटांना, साबणाला आपण जे तेल वापरतो त्याची वाट अशा मळ्यांतून येते. मी हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या रस्त्यावरून गेल्यावर ते न लिहिणे मला शक्य नाही.

किनाबातांगन ही सबाहची सर्वांत लांब नदी, सुमारे ५६० किलोमीटर. तिच्या खालच्या टप्प्यात, पुराच्या सपाट प्रदेशात, २००५ साली सुमारे २६,००० हेक्टरांचे अभयारण्य घोषित झाले. पण तोपर्यंत आजूबाजूची जमीन मळ्यांखाली गेली होती, त्यामुळे हे अभयारण्य नदीकाठाने तुटक तुटक दहा तुकड्यांत पसरलेले आहे. या पट्ट्यात आज सुमारे ८०० ओरांगउटान राहतात. आमचा वाटाड्या सुकाऊचाच, नदीकाठच्या सुंगाय समाजातला तरुण होता. होडीचे इंजिन बंद करून त्याने काठावरच्या एका झाडाच्या माथ्याकडे बोट दाखवले. आम्हाला वाळलेल्या पानांचा एक गोळा दिसला. तो ओरांगउटानचा बिछाना होता.

ओरांगउटान जवळजवळ प्रत्येक रात्री नवा बिछाना करतो. साधारण दहा ते वीस मीटर उंचीवर, जाड फांद्यांच्या बेचक्यात उभा राहून तो भोवतालच्या फांद्या आपल्याकडे ओढतो, पुरत्या न तोडता वाकवून पायाखाली दाबतो, एकमेकींत अडकवतो, मग बारीक डहाळ्या तोडून त्यावर गादी अंथरतो. पाऊस असेल तर पानांच्या फांद्या डोक्यावरही घेतो. हे सारे पाच-दहा मिनिटांत उरकते. वाटाड्याने रंगावरून बिछान्यांची वये सांगितली : हिरवा म्हणजे काल-परवाचा, तपकिरी म्हणजे काही आठवड्यांचा, आणि ज्यातून आभाळ दिसते तो टाकून बराच काळ लोटलेला. प्राणी स्वतः क्वचित दिसतो, म्हणून अभ्यासक बिछाने मोजून संख्येचा अंदाज बांधतात. सबाहमध्ये हेलिकॉप्टरमधूनही अशी मोजणी झालेली आहे. पिल्लू वर्षाचे होण्याच्या सुमारासच डहाळ्या वाकवण्याचा खेळ सुरू करते, पण भरवशाचा बिछाना करायला त्याला आणखी कित्येक वर्षे लागतात, आणि तोवर ते आईच्याच बिछान्यात झोपते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुके नुकतेच उठत असताना, एका उपनदीच्या तोंडाशी ती दिसली. खोडालाच फळे लगडणारे, आपल्या उंबराच्या जातकुळीतले एक मोठे झाड काठावर झुकलेले होते आणि त्यात एक मादी पिल्लासह बसली होती. सावलीत ती काळीच दिसत होती. ऊन पानांतून तिच्या पाठीवर आले तेव्हा तो तांबडा रंग असा काही पेटला की ताईने नकळत माझा हात धरला. आमची होडी पाहून मादीने ओठ आवळून हवा आत ओढत चुंबनासारखा आवाज केला. ही नापसंतीची सूचना असते, आणि वाटाड्याने लगेच होडी मागे घेतली. काही वेळाने ती निवांत झाली आणि खाऊ लागली.

तिचे खाणे मी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिले. ती फळ तोडून लगेच तोंडात टाकत नव्हती. प्रथम बोटांनी दाबायची, कधी नाकाशी न्यायची, काही फळे झाडावरच सोडून द्यायची. तिचे हात इतके लांब होते की बैठक न बदलता ती चारही बाजूंच्या फांद्यांपर्यंत पोचत होती. आणि पिल्लू, जे वाटाड्याच्या अंदाजाने चार वर्षांचे असावे, ते आईच्या तोंडापाशी आपले तोंड नेऊन, वीतभरही अंतर न ठेवता, ती काय चावते आहे ते एकटक पाहत होते. ते मागत नव्हते, ओढतही नव्हते, केवळ पाहत होते. मग ते वळले, त्याच फांदीवरचे एक फळ त्याने दाबून पाहिले, सोडून दिले, दुसरे दाबून पाहिले आणि खाल्ले. सुमात्राच्या सुआक बालिंबिंग येथील अभ्यासकांनी हेच वर्षानुवर्षे नोंदवले आहे : पिल्लू जितके अवघड खाद्य असेल तितके अधिक टक लावून आईकडे पाहते आणि पाहून झाल्यावर स्वतः तेच करून बघते. वाचलेली गोष्ट होती, तरी डोळ्यांसमोर घडताना तिचे वजन वेगळेच जाणवले.

मग मादीला शेजारच्या झाडावर जायचे होते. ती हलक्या फांदीच्या टोकाकडे सरकली, स्वतःच्या वजनाने तिने झाड हेलकावत नेले, आणि पलीकडची फांदी हाती येताच दोन्ही झाडांना धरून मधल्या जागेत आडवी राहिली. पिल्लू कुरकुरत होते. ती हलली नाही. अखेर पिल्लू तिच्या हातावरून, पाठीवरून, पायावरून चालत पलीकडे गेले आणि मगच तिने अलीकडची फांदी सोडली. भावोजींनी दुर्बीण खाली ठेवून म्हटले, ‘‘पाडेली (नारळ पाडणारा) माडावर असतो तेव्हा तीन अवयव खोडाला घट्ट ठेवूनच चौथा हलवतो. हिचे तसेच आहे. पडायची सोय नाही.’’ झाडावर राहणाऱ्या प्राण्यांत इतका जड प्राणी दुसरा नाही. मादी पस्तीस-चाळीस किलोची, पूर्ण वाढलेला नर ऐंशी-नव्वद किलोचा. इतक्या वजनाला कोणती फांदी पेलेल आणि कोणती मोडेल, हे ज्ञानही पिल्लाला आईकडूनच मिळते.

इथे भावोजींच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. वानर मुख्यतः पाने खाते. त्याच्या पोटाची रचनाच पाने आंबवून पचवण्याची आहे आणि जंगलात पानांना तोटा नसतो, म्हणून पंधरा-वीस जणांचा कळप एका झाडावर सुखाने बसू शकतो. ओरांगउटानच्या आहारात मोठा वाटा फळांचा असतो, आणि बोर्निओच्या जंगलात फळांचा भरवसा नसतो. तिथली कित्येक उंच झाडे दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने एकाच हंगामात सगळीकडे एकदम फुलतात, फळतात आणि मग पुन्हा वर्षानुवर्षे गप्प राहतात. त्या सुकाळात ओरांगउटान खाऊन चरबी साठवतो आणि दुष्काळात साली, कोवळी पाने, वाळवी यांवर निभावून नेतो. असे अन्न कळपाला पुरत नाही, म्हणून तो एकटा राहतो. मादीबरोबर असते ते फक्त तिचे पिल्लू. त्याचा देह दिवसभरात ऊर्जाही फार कमी खर्च करतो. पण एकट्याने राहायचे तर कोणते झाड कुठे आहे, ते केव्हा फळते, कोणत्या फळाचे काटे कसे चुकवायचे, उपासमारीच्या महिन्यांत कोणती साल खाता येते, हे सगळे प्रत्येकाच्या स्वतःच्या डोक्यात असावे लागते. शेकडो वनस्पतींची ही माहिती कळपाकडून मिळण्याची सोय नसते, ती एकाच गुरूकडून मिळते. म्हणूनच पिल्लू सात-आठ वर्षे आईजवळ राहते, तोवर अधूनमधून दूधही पिते. मादीला पहिले पिल्लू होते तेच चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर, आणि दोन पिल्लांत सात ते नऊ वर्षांचे अंतर असते. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत हे सर्वांत मोठ्या अंतरांपैकी एक आहे. साऱ्या आयुष्यात ती चार-पाच पिल्ले वाढवते.

या आकड्यांचा अर्थ कळला आणि मला या प्राण्याच्या संकटाचे खरे स्वरूप कळले. एखाद्या भागातल्या प्रौढ माद्यांपैकी वर्षाला शेकडा एक जरी नैसर्गिक मृत्यूखेरीज अधिक मारली गेली, तरी ती वसाहत घटत जाऊन संपू शकते, असे अभ्यासकांचे गणित आहे. माझ्या मते तर त्यातही सर्वांत मोठे नुकसान मोजणीत येत नाही. एक म्हातारी मादी मेली की त्या जंगलाची तिला असलेली माहिती जाते, आणि तिची मुलगी ती माहिती अर्धवट घेऊन त्याच परिसरात राहते. माद्या आईच्या मुलखाजवळच स्थिरावतात. दूर जातात ते नर.

नर आम्हाला एकदाच दिसला, आणि तो जमिनीवर. संध्याकाळी नदीकाठच्या गवतातून तो सावकाश चालत गेला. गालांचे रुंद, काळे, तकतकीत पंखे, गळ्याखाली लोंबणारी पिशवी, अंगावरचे केस गोधडीच्या चिंध्यांसारखे लांब. सुमात्रात वाघ आहे, तिथे ओरांगउटान जमिनीवर सहसा उतरत नाही. बोर्निओत वाघ नाही, आणि जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी दाखवून दिले आहे की तिथले ओरांगउटान, विशेषतः मोठे नर, पूर्वी समजत होते त्याहून कितीतरी अधिक वेळा जमिनीवरून चालतात. अंधार पडता पडता त्याने आरोळी दिली. प्रथम खर्जातले गुरगुरणे, मग एकामागून एक चढत जाणाऱ्या गर्जना, मग उसासे. ही आरोळी किलोमीटरभर अंतरापर्यंत ऐकू जाते. नर संध्याकाळी ज्या दिशेला तोंड करून आरोळी देतो, साधारण त्याच दिशेने दुसऱ्या दिवशी प्रवास करतो, आणि माद्या त्याप्रमाणे आपली वाट ठरवतात, असे सुमात्रातल्या अभ्यासात २०१३ साली मांडले गेले. उद्याचा बेत आज सांगणारा प्राणी म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आदर वाटला. सगळ्याच प्रौढ नरांना गालांचे पंखे फुटत नाहीत. परिसरात दांडगा नर असेल तर धाकट्याची ती वाढ दहा-दहा वर्षे थांबून राहते. असे पंखे नसलेले नर माद्यांवर जबरदस्तीही करतात. हे वाचायला सुखद नसले तरी तेही त्यांच्या वर्तनातच मोडते.

रात्री गावातल्या घराच्या ओटीवर बसून वाटाड्याशी बोलताना विषय औषधांवर गेला, आणि इथे भावोजींचे डोळे चमकले. सुमात्राच्या गुनुंग लेउसेर राष्ट्रीय उद्यानात, त्याच सुआक बालिंबिंगमध्ये, जून २०२२ मध्ये राकुस नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका नराच्या गालावर जखम झाली होती. त्याने एका वेलीची पाने चावून तिचा रस बोटांनी वारंवार जखमेवर लावला आणि मग चावलेल्या पानांचा लगदा जखमेवर थापला. पाच दिवसांत जखम मिटली आणि महिन्याभरात जवळजवळ खूणही उरली नाही. वन्य प्राण्याने औषधी वनस्पतीने स्वतःच्या जखमेवर उपचार केल्याची ही पहिली पद्धतशीर नोंद २०२४ साली प्रसिद्ध झाली. ती वेल आपल्या गुळवेलीच्याच कुळातली आहे आणि तिथले लोकही तिचा औषधात वापर करतात. आमच्याकडे बांधावर गुळवेल नसलेले कुळागर शोधून सापडणार नाही. आजी ताप आला की तिचाच काढा देत असे. त्याशिवाय काटेरी फळ धरायला पाने हातात घेणे, पावसात पानांची फांदी डोक्यावर धरणे, सुआकमध्ये काडीने पोकळीतल्या मुंग्या आणि मध काढणे, या गोष्टी सगळीकडच्या ओरांगउटानांत सारख्या आढळत नाहीत. एका जंगलातल्यांना जे येते ते दुसऱ्या जंगलातल्यांना येत नाही. म्हणजे त्यांच्यातही परंपरा आहेत, आणि जंगलाचा तुकडा गेला की त्या तुकड्यातली परंपरा जाते.

किनाबातांगनच्या तुकड्यांना जोडण्याचे काम सुकाऊमध्ये चालते. ‘हुतान’ ही संस्था तिथे १९९८ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम करते. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी अरुंद उपनद्यांवर दोन्ही काठांची झाडे एकमेकांना भिडत आणि तो वरच्या वर पार होई. मोठी झाडे गेल्यावर ती वाट बंद झाली. म्हणून अग्निशामक दलाच्या जुन्या नळ्यांचे आणि दोरांचे पूल दोन्ही काठांच्या झाडांना बांधले गेले. पहिला पूल २००३ साली झाला, आणि ओरांगउटान तो ओलांडताना छायाचित्रात आला तो २०१० साली. सात वर्षे त्या लोकांनी पूल राखला, हे मला फार मोठे वाटते. गावातल्या स्त्रियांचा एक गट उजाड काठावर झाडे लावतो. त्यांच्यातल्या एकीने ताईला सांगितले की लावणे सोपे आहे, पुढची दोन वर्षे वेली आणि गवत कापत राहणे कठीण, आणि पूर आला की पुन्हा पहिल्यापासून. त्या काठांवर ‘लारान’ नावाचे जे सरळसोट, भराभर वाढणारे झाड दिसते तो आपला कदंब. कदंबांचे राज्य, कदंबाची (सरकारी) बस, सगळे ठाऊक असलेल्या आम्हा गोवेकरांना ते झाड परक्या नदीच्या काठी पाहून झालेला आनंद मी शब्दांत मांडू शकत नाही. भावोजींनी त्याच्या खोडावर हात ठेवून फोटो काढून घेतला, जे ते सहसा करत नाहीत.

परत आल्यावर आमच्या गावच्या वाचनालयात मी छायाचित्रे दाखवली. जमलेले बहुतेक लोक बागायतदार होते. एका वयस्क गृहस्थांनी विचारले, ‘‘तो प्राणी पिकात शिरतो तेव्हा तिथला शेतकरी काय करतो?’’ शिरतो, हे मी सांगितले. तेलताडाच्या कोवळ्या रोपांचा गाभा तो ओढून खातो आणि त्यापायी पुष्कळ ओरांगउटान मारलेही गेले आहेत. झाड मोठे झाल्यावर मात्र तो मळ्यातून ये-जा करतो, थोडी फळे खातो आणि फारसे नुकसान करत नाही. म्हणून मळ्यांच्या मधोमध जंगलाचे लहान तुकडे राखून ठेवले तर त्याला एका मोठ्या जंगलातून दुसऱ्यात जाता येते, हे किनाबातांगनमध्ये दिसून आले आहे. त्या गृहस्थांना हे पटायला वेळ लागला, आणि लागणे योग्यच होते. सभेत वाघाचा विषय निघणारच होता. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्याच गोळावलीत चार वाघ मृत सापडले, २०२३ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने म्हादईत व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर आमच्या तालुक्यात घरोघरी या विषयावरून मतभेद झाले. मी इतकेच सांगितले की सुमात्रात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अभ्यासकाने वाघाच्या पट्ट्यांचे कापड पांघरून ओरांगउटान माद्यांखालून चालत जाऊन पाहिले. माद्या गप्प राहिल्या, पिल्लाला जवळ घेऊन वर चढल्या, आणि धोका निघून गेल्यावर कित्येक मिनिटांनी त्यांनी इशारा दिला. ज्यांचे पिल्लू लहान, त्यांनी अधिक वेळ वाट पाहिली. घडून गेलेल्या धोक्याविषयी आई पिल्लाला सांगते, असा त्याचा अर्थ लावला गेला. एका शाळकरी मुलीने लगेच विचारले, ‘‘मग आपली वानरे असे करतात का?’’ वानरे वाघ किंवा बिबट्या दिसताच तत्काळ ओरडतात, कारण ऐकायला सारा कळप असतो, असे मी तिला सांगितले, आणि पुढच्या उन्हाळ्यात रुमडाखाली बसून नोंदी करायचे तिने व तिच्या मैत्रिणींनी ठरवले आहे. भावोजींनी त्यासाठी आपल्या कुळागराच्या वरच्या अंगाची जागा देऊ केली आहे.

गोव्यातून कुणाला जायचे असेल तर मार्च ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. नोव्हेंबरपासून ईशान्येचा पाऊस सुरू होतो आणि किनाबातांगनला पूर येतो. सर्दी-पडसे असेल तर जंगलात जाणे पुढे ढकलावे, कारण आपले श्वसनाचे आजार ओरांगउटानला होतात आणि त्याला ते झेपत नाहीत. मुखपट्टी जवळ असू द्यावी. जळवांसाठी लांब मोजे घ्यावेत, आमच्या पावसाळ्यात जंगलात फिरलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. सुकाऊमध्ये तसेच बातू पुतेहमध्ये गावकऱ्यांच्या घरी राहता येते, आणि शक्य असेल त्याने तिथेच राहावे, म्हणजे आपला पैसा नदीकाठच्या कुटुंबांना मिळतो. होडी ठरवताना वाटाड्या त्याच गावचा आहे ना, आणि प्राण्याने नापसंतीचा आवाज केला की तो होडी मागे घेतो ना, हे आधी विचारून घ्यावे. सेपिलोकचे केंद्र पाहूनच नदीवर जावे. उलट क्रमाने गेल्यास बालवर्गातली ती पिल्ले काय शिकत आहेत हे तितकेसे लक्षात येत नाही.